केनियाची हलकी भाजलेली कॉफी, पुण्याच्या पाण्यात

ही कॉफी आंबट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हौसेनं पाकीट न्यायचं, पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचं आणि उरलेलं कपाटाच्या मागच्या रांगेत सारायचं, असं करणारे माझ्या ओळखीतच बरेच आहेत. आंबट म्हणजे बिघडलेली नाही, शिळी तर मुळीच नाही. पूर्ण पिकलेलं काळंभोर करवंद दाताखाली फुटलं की आधी जो आंबटपणा येतो आणि त्याच्या पाठोपाठ जी गोडी येते, ती जोडी या कॉफीत आहे. गेल्या काही वर्षांत प्यायलेल्या सगळ्या कॉफ्यांत मला ही उजवी वाटली. का वाटली ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

पाकिटावरची माहिती अशी: केनिया, न्येरी, एबी, वॉश्ड (म्हणजे गर धुऊन काढलेली), लाइट रोस्ट, वाण एसएल २८ आणि एसएल ३४, उंची १,७०० ते १,८०० मीटर. प्रभात रोडच्या आतल्या एका गल्लीत एक तरुण जोडपं छोट्या यंत्रावर कॉफी भाजतं, त्यांच्याकडून मी घेतो. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांचा हा लॉट मोजक्या पोत्यांचा आहे, तुम्ही पोचेपर्यंत उरेलच असं नाही. त्यापेक्षा वरची ओळ लक्षात ठेवा. मन लावून भाजणाऱ्या कुठल्याही रोस्टरकडे ती दिसली, तर इथलं बहुतेक सगळं त्या पाकिटालाही लागू पडेल. किंमत २५० ग्रॅमला १,४५० रुपये. तिच्याबद्दल पुढे बोलू.

एबी म्हणजे दुय्यम माल असं समजू नका. केनियात प्रत चाळणीवर ठरते. मोठा दाणा एए, त्याखालोखाल एबी, आणि फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली असेल तर पीबी. ही मापं आकाराची आहेत, चवीची नव्हेत. एए मागणारी गिऱ्हाइकं जास्त म्हणून त्याला भाव जास्त, एवढंच. शेतकऱ्यांच्या एकाच सहकारी सोसायटीची, एकाच हंगामाची एए आणि एबी मी शेजारी शेजारी ठेवून प्यायलो आहे, एबी मला कुठेही उणी वाटली नाही. दुकानदार एए गळ्यात मारायला लागला तर खुशाल एबी मागा, पैसे वाचतील.

पाकीट उघडलं की आधी दाणे तळहातावर घेऊन बघा. रंग फिका तपकिरी, वर तेलाचा टिपूससुद्धा नाही, आणि मधल्या चिरेत चंदेरी पापुद्रा अजून अडकलेला. गडद भाजलेल्या कॉफीत तो जळून गेलेला असतो. दाणा कडक आहे, इतका की हलक्या प्रतीच्या हाताच्या ग्राइंडरचं हँडल मधेच अडतं आणि दोन्ही गुडघ्यांत धरून फिरवावं लागतं. उंचावरचा दाणा मुळात घट्ट असतो, त्यात भाजणं कमी, त्यामुळे तो सहज फुटत नाही. दळता दळता स्वयंपाकघरात जो वास पसरतो तो नेहमीच्या कॉफीचा नाही. त्यात जळकेपणा अजिबात नाही, फळांचा आणि ओल्या गुळाचा वास आहे.

कप तयार झाला की लगेच तोंडाला लावू नका. कडकडीत असताना फक्त वास कळतो, जिभेला फारसं काही सापडत नाही. काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीकडे धरली तर ती काळी नाहीच, लालसर आणि आरपार दिसणारी आहे. जरा निवली की पहिला घोट पपनसाच्या अंगानं जातो, आंबट आणि किंचित कडवट. आणखी निवली की करवंद येतं. कोमट झाल्यावर जिभेच्या मधोमध काकवीची गोडी बसते, आणि अगदी मागे टोमॅटोच्या रश्शात असते तशी एक खारट-चविष्ट छटा उरते. ही शेवटची छटा काहींना आवडत नाही, मला तीच फार आवडते. पण सगळ्यात मोठा गुण म्हणजे स्वच्छपणा. एक चव दुसरीवर चढत नाही. घोट गिळल्यावर जिभेवर राप बसत नाही, घशात खरखर नाही, आणि दहा मिनिटांनीही तोंडात फळच रेंगाळतं.

हा स्वच्छपणा आपोआप येत नाही, आणि मला या कॉफीबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथेच.

माझी नोकरी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीची. त्यामुळे चवीइतकंच मला त्या पाकिटामागच्या सोसायटीचं कुतूहल होतं. न्येरी हा माउंट केनिया आणि अबेरडेअरची डोंगररांग यांच्या मधला मुलूख. माती ज्वालामुखीतून आलेली, लाल, खोल. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. हे लोक त्याच्याही वर शेती करतात. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एवढ्या उंचीवरही पीक तगतं, पण रात्री गार असतात, फळ सावकाश पिकतं आणि दाणा भरून येतो. करवंदाचा आंबटपणा आणि काकवीची गोडी एकाच कपात येते ती या सावकाश पिकण्यामुळे.

शेतकऱ्याकडे जमीन थोडी, तिच्यात कॉफीची काहीशे झाडं. बाजूला मका, घेवडा, केळी, दावणीला एखादी गाय. एवढ्याशा झाडांसाठी स्वतःचं यंत्र आणि हौद कुणालाच परवडणार नाहीत. म्हणून तोडलेलं फळ त्याच दिवशी सोसायटीच्या धुलाई केंद्रावर न्यायचं. तिकडे त्याला फॅक्टरी म्हणतात. तिथे आधी फळ जमिनीवर पसरायचं आणि कच्चं, किडकं, वाळलेलं वेचून वेगळं करायचं. हे काम फळ आणणाऱ्यानंच करायचं. मग वजन, मग वहीत नोंद. संध्याकाळी साल काढायचं यंत्र सुरू होतं. सालीखाली चिकट गर असतो, तो पाण्यानं एकदम सुटत नाही. हौदात रात्रभर आंबू दिलं की गर सैल होतो, मग धुवायचं. धुतलेला दाणा पाण्याच्या पाटातून सोडतात. जड दाणा खाली बसतो, हलका पुढे वाहून जातो, आणि तिथेच पहिली प्रतवारी होते. त्यानंतर केनियाची खासियत: हा धुतलेला दाणा पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवतात. मग तो जाळीच्या उंच माचांवर वाळवतात, त्यात दोन आठवडे किंवा जास्तही जातात. भर दुपारच्या उन्हात झाकायचा, रात्री दवापासून झाकायचा, एरवी हातानं वरखाली करत राहायचं आणि खराब दाणा दिसला की उचलून टाकायचा.

यातली एक पायरी कुणी उरकून टाकली तरी कपात कळतं. एक दिवस उशिरा आलेलं फळ, हौदात जास्त राहिलेला घाणा, पावसात भिजलेला माचा, यातलं काहीही झालं की दारूसारखा किंवा कुबट वास लागतो. शेकडो घरांचं फळ एकाच हौदात पडतं, आणि तरीही कप असा स्वच्छ निघतो, याचा अर्थ त्या शेकडो घरांनी फळ नीट वेचून आणलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. मळ्याच्या मालकानं पगारी माणसं लावून केलेली कॉफी चांगली निघणं वेगळं, आणि एवढ्या घरांनी मिळून केलेली निघणं वेगळं.

पैशाची रीत तर मला अगदी घरची वाटली. फळ घालताना हातात थोडीशी उचल, कधी तीही नाही. पुढे माल गिरणीत जातो, प्रतवारी होते, नैरोबीच्या लिलावात किंवा थेट एखाद्या खरेदीदाराला विकला जातो, खर्च वजा होतो, मग किलोमागे दर ठरतो आणि काही महिन्यांनी रक्कम मिळते. आमच्या शिरूर तालुक्यात ऊस घालणाऱ्या प्रत्येक घराला हे पाठ आहे: पहिली उचल, दुसरा हप्ता, अंतिम बिल, आणि त्या अंतिम बिलावर अडकलेली शाळेची फी. न्येरीतला तो शेतकरी कशाची वाट बघत असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दोन्हीकडचा काळही जवळपास एकच. इंग्रजांच्या राज्यात केनियातल्या आफ्रिकी शेतकऱ्याला कॉफी लावायला बंदीच होती, ती गोऱ्यांच्या मळ्यांसाठी राखलेली. १९३० च्या दशकात मोजक्या भागांत थोडी परवानगी मिळाली, आणि १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर छोट्या शेतकऱ्यांना कॉफी खऱ्या अर्थानं मोकळी झाली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला तोही याच सुमाराचा. गाडगीळांची गोखले इन्स्टिट्यूट या रोस्टरच्या दुकानापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पाकीट घेऊन परतताना मी मुद्दाम त्या बाजूनं येतो. छोट्या शेतकऱ्याला माल तयार करायचं यंत्र एकट्याला झेपत नाही, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता आणि लोकांनी त्याला एकच उत्तर शोधलं.

वाणाबद्दलही थोडं. एसएल म्हणजे स्कॉट लॅबोरेटरीज, नैरोबीजवळची संशोधन संस्था. तिथे १९३० च्या दशकात हे वाण निवडले गेले. एसएल २८ पाण्याच्या ताणाला टिकतं आणि चवीला नंबर एक, पण तांबेऱ्याला आणि फळावरच्या रोगाला लगेच बळी पडतं. पुढे रोगाला दाद न देणारे रुइरू ११ आणि २०१० मध्ये बातियन हे वाण आले. तरीही कितीतरी शेतकरी जुनी झाडं फवारण्या करत राखतात. तुमच्या कपातलं करवंद बरंचसं त्या राखलेल्या झाडांमुळे आहे.

आता माझी तक्रार. पाकिटावर उंची आहे, वाण आहे, कशी धुतली तेही आहे, पण शेतकऱ्याला किलोमागे काय मिळालं ते कुठेही नाही. मी विचारलं. रोस्टर मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, आयात करणारा आम्हाला फक्त त्याची किंमत सांगतो. त्याच्या मागचा हिशेब आमच्यापर्यंत येतच नाही." त्याचा दोष नाही. पण ज्या कॉफीची अर्धी जाहिरात छोट्या शेतकऱ्याच्या नावावर चालते, तिनं तो आकडा छापायला हवा. पाव किलोच्या या पाकिटासाठी जवळपास दोन किलो पिकलेली फळं लागतात, एकेक हातानं तोडलेली. त्या दोन किलोंचे १,४५० मधले किती रुपये न्येरीला पोचले, हा माझ्या मते चवीइतकाच गिऱ्हाइकाच्या हक्काचा प्रश्न आहे. दुकानात गेलात तर तुम्हीही विचारा. दहा जणांनी विचारलं की रोस्टर आयातदाराला विचारेल. आणखी एक गोष्ट मला खुपते. अशा धुण्याला पाणी भरपूर लागतं, आणि उरलेलं आंबट पाणी तसंच नदीत सोडलं तर नदी खराब होते. चांगल्या सोसायट्या ते मुरवण्यासाठी वेगळे खड्डे करतात. या सोसायटीत काय करतात हेही पाकिटावर यावं.

किंमत जास्त आहेच. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर कप नव्वद रुपयांच्या आत पडतो. चिकमंगळूरची चांगली धुतलेली अरेबिका याच दुकानात निम्म्याहून कमी भावात मिळते, आणि रोजच्यासाठी मी तीच पितो. ती गोल, शांत, शेंगदाण्याच्या अंगाची कॉफी आहे, दुधातही छान लागते. न्येरीची रविवारी सकाळी, घाई नसताना. बाहेरच्या कॉफीवर आपल्याकडे आयात शुल्क जबर आहे, त्यामुळे हा भाव लवकर उतरेल असं वाटत नाही.

घरी नेल्यावर लगेच उघडू नका, हे मला त्याच मुलानं बजावलं होतं. "काका, भाजल्यापासून दहा-बारा दिवस तरी हात लावू नका."

"आणि लावला तर?"

"तर गवतासारखी लागेल, आणि तुम्ही मला फोन कराल."

हलक्या भाजलेल्या दाण्यातून वायू सावकाश सुटतो, तो निघून गेल्याशिवाय पाणी दाण्यात नीट शिरत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ही कॉफी खुलते आणि पुढे महिनाभर चांगली राहते. भाजल्याची तारीख मात्र पाकिटाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापलीय की माझ्या आईला ती भिंगातूनही दिसली नाही. ती पुढे, मोठ्या अक्षरांत हवी.

माझं माप: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, कागदी फिल्टरचा व्ही ६० ड्रिपर, एकूण तीन मिनिटांच्या आसपास. दळण बारीक रव्यापेक्षा थोडं जाड. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून पाऊण मिनिट थांबायचं, पूड फुगून वर येते ती खाली बसू द्यायची, मग उरलेलं पाणी दोन-तीन वेळा गोल फिरवत. पाणी उकळतं घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे गडद कॉफीला सांगतात तसं निववून घ्यायची गरज या कॉफीला नाही. उलट निवलेल्या पाण्यात तिचा फक्त आंबटपणा उतरतो आणि गोडी दाण्यातच राहते. आंबट, पातळ, अर्धवट लागली तर आधी दळण बारीक करा. लगेच दाण्याला नावं ठेवू नका.

पाण्याचा प्रश्न पुण्यात मोठा आहे, आणि चांगल्या कॉफीची माती बहुतेक तिथेच होते. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे. साध्या कार्बनच्या फिल्टरमधून काढलं की ते या कॉफीला छान लागतं. माझी बहीण वाघोलीला राहते, तिच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. त्या जड पाण्यात हीच कॉफी खडूसारखी लागली, आंबटपणा पार मेला, करवंद कुठे गेलं कळेना. मग आम्ही आरओचं पाणी घेतलं, तर ते उलट्या बाजूला गेलं. क्षार जवळजवळ सगळे निघून गेलेले, कॉफी टोचरी आणि पोकळ. शेवटी आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं गाळलेलं आणि उकळलेलं पाणी मिसळलं, टीडीएसच्या, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, मीटरवर आकडा दीडशेच्या आसपास आणला, आणि कपात पुन्हा फळ आलं. ताईला त्या घोटाला जे कळलं ते मी कितीही बोलून पटवू शकलो नसतो. बोअरच्या सोसायटीत राहत असाल तर १,४५० रुपये खर्च करण्याआधी पाण्याचं बघा.

दूध घालू नका. जायफळ-वेलदोडा घालून उकळलेल्या दुधाळ कॉफीवर मी वाढलोय, आईच्या हातची ती आजही मला हवी असते, आणि तिच्यासाठी चिकोरीवाली पूड घरात वेगळी ठेवलेली आहे. वैशाली हॉटेलातली फिल्टर कॉफी हवी तेव्हा मी वैशालीतच जातो. न्येरीत दूध पडलं की आंबटपणा फाटल्यासारखा लागतो आणि बाकी सगळं पांचट होतं. साखरेनंही फायदा नाही, काकवीची जी गोडी मागून येते ती झाकली जाते. आम्लपित्ताचा त्रास असेल, रिकाम्या पोटी काळी कॉफी सोसत नसेल, तर ही घेऊ नका. एस्प्रेसोच्या मशीनवरही मी घेणार नाही. बाणेरच्या एका कॅफेत केनियाची अशीच हलकी कॉफी एस्प्रेसोवर काढून दिली होती, तो घोट कच्चं लिंबू चावल्यासारखा झोंबला. कॉफी चांगली होती, तिच्यासाठी ती रीत नव्हती.

ज्यांनी आजवर फक्त दुधाची कॉफी प्यायली आहे त्यांनी थेट पाव किलो घेऊ नये. हे जोडपं शंभर ग्रॅमची पुडीही देतं, आणि शनिवारी दुकानात बसून एक कप मिळतो. तो आधी प्या, निवू देऊन प्या, आवडला तरच पाकीट घ्या. जोडप्यातली मुलगी समोर बसून दळण कसं ठेवायचं ते दाखवते, तुमच्या घरी ग्राइंडर नसेल तर तुमच्या फिल्टरप्रमाणे दळूनही देते. पण दळलेली आठवडाभरातच संपवा.

शेवटचं हंगामाचं. न्येरीतली मुख्य तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर, मग वाळवणं, गिरणी, लिलाव, बोट. आपल्याकडे नवा माल साधारण पावसाळ्याच्या सुमाराला भाजायला लागतो. तेव्हापासून दिवाळीपर्यंत ही कॉफी भरात असते. त्यानंतर तोच लॉट दिसला तर फक्त भाजल्याची तारीख बघू नका, हिरवा माल कोणत्या हंगामाचा आहे तेही विचारा. वर्ष उलटलेला असेल तर दोनशे रुपये कमी करून दिला तरी घेऊ नका.